अडखळणारा बोल

गोरेगावातील एखाद्या घरी दिवेलागणीस मुले परवचा म्हणत असतात. भावंडांच्या सुरात ज्याची जीभ कोठेच अडत नाही, तोच मुलगा पाहुण्यांस स्वतःचे नाव सांगताना पहिल्याच अक्षरावर थबकतो. वडीलधाऱ्यांस वाटते, हा मुद्दाम करतो. श्रोतेहो, हे अनुमान चुकीचे होय. इतरांबरोबर एका लयीत बोलताना तोतरेपणा बहुधा लोपतो, हा त्याचा स्वभावच आहे.

तो सामान्यतः दुसऱ्या ते पाचव्या वर्षांच्या दरम्यान दिसू लागतो. मेंदूकडून होणारे वाणीचे नियमन आणि पुष्कळदा आनुवंशिकता यांत त्याचे मूळ असते. आईबापांचा त्यात दोष नसतो. म्हणूनच वेखंड चाटवून तो जात नाही. बहुतेक मुलांत तो पुढे आपोआप मावळतो. तथापि सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास, अथवा मूल बोलण्यास भिऊ लागल्यास, वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. गोरेगावकरांस लोकलने वांद्र्यास जाता येईल. १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तेथे आहे.

खरी हानी अडखळण्याने होत नाही, हसण्याने होते. हसू होईल या धास्तीने मूल उत्तर ठाऊक असूनही वर्गात हात वर करीत नाही, आणि हळूहळू मुके होते.

तेव्हा ‘सावकाश बोल’ असे बजावू नये. आपणच संथपणे बोलावे. त्याचा शब्द हिरावून पुरा करू नये. त्याच्याकडे पाहत थांबावे, आणि तो काय सांगतो इकडे लक्ष द्यावे. एवढा धीर घरात मिळाला, तर बाहेरही तो बोलू धजेल.