सायनांच्या सभेतील निरयन वक्ता

भारतातील फलज्योतिषी परदेशातील परिषदेत व्याख्यानासाठी उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर बसलेल्या बहुसंख्य श्रोत्यांची सूर्यरास त्याच्या गणिताप्रमाणे चुकलेली असते आणि श्रोत्यांच्या गणिताप्रमाणे चूक वक्त्याची असते. दोन्ही पक्ष एकाच आकाशाविषयी बोलतात, बारा राशींचा क्रम सारखाच मानतात आणि ग्रहांची स्थानेही आधुनिक खगोलगणितावरूनच घेतात. मतभेद असतो तो राशिचक्राची मोजणी कोठून सुरू करावी एवढ्यापुरताच. परंतु पत्रिकेतील जवळजवळ प्रत्येक ग्रहाची रास या एका निर्णयावर अवलंबून असल्याने परदेशी जाणाऱ्या वक्त्याला विषयाकडे वळण्यापूर्वी बराच वेळ याच निर्णयाच्या समर्थनात घालवावा लागतो.

पाश्चात्त्य ज्योतिषी सामान्यतः सायन पद्धती वापरतात, म्हणजे २० किंवा २१ मार्चच्या सुमारास सूर्य ज्या बिंदूपाशी खगोलीय विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो, त्या वसंतसंपाताला ते मेष राशीचा आरंभ मानतात. भारतीय परंपरेतील निरयन पद्धती हा आरंभ ताऱ्यांच्या संदर्भाने ठरवते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डुलत असल्यामुळे संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. अशा रीतीने दोन आरंभबिंदूंमध्ये पडलेल्या अंतराला अयनांश म्हणतात आणि आज बहुतेक भारतीय ज्योतिषी तो सुमारे २४ अंशांचा धरतात. १२ एप्रिलला जन्मलेल्या व्यक्तीचा सूर्य सायन पद्धतीने मेषेच्या बाविसाव्या अंशाच्या आसपास असतो, तोच निरयन पद्धतीने मीन राशीच्या अखेरीस येतो. आयुष्यभर स्वतःला मेषेची समजणाऱ्या लंडनच्या श्रोत्याला हे पहिल्यांदा कळते तेव्हा त्याचा विरोध केवळ तात्त्विक राहत नाही. शिवाय भारतात रास म्हणजे सहसा चंद्ररास, तर तेथे बोलण्यातली रास म्हणजे सूर्यरास, हा आणखी एक घोळ व्याख्यानाच्या आरंभीच निस्तरावा लागतो.

भारतीय वक्ता स्वतःच्या घरातील मतभेद मात्र अशा सभेत क्वचितच उघड करतो. अयनांश किती धरावा याविषयी महाराष्ट्रातच दीर्घकाळ वाद झाला असून चित्रा ताऱ्याला प्रमाण मानणारा चित्रापक्ष, ज्याचा पुरस्कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी केला, आणि रेवती नक्षत्रातील ताऱ्याला प्रमाण मानणारा रैवतपक्ष, ज्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता, यांच्या गणितात सुमारे चार अंशांचा फरक पडतो. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १४ जानेवारीऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते आणि वर उल्लेखिलेल्या १२ एप्रिलच्या जातकाचा सूर्य या पंचांगाप्रमाणे पुन्हा मेषेतच सापडतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाला अनुसरले, आणि त्या समितीशी संबंधित असलेल्या निर्मलचंद्र लाहिरी यांच्या नावाने हाच अयनांश परदेशात रूढ झाला. ‘भारतीय पद्धती’ असा एकवचनी उल्लेख जेथे ऐकू येतो, तेथे व्यवहारात बहुधा लाहिरींचेच गणित अभिप्रेत असते.

फलज्योतिषाचा प्रवास नेहमी भारतातून बाहेर असाच झालेला नाही. राशी आणि जातकपद्धती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक परंपरेतून भारतात आल्याचे ‘यवनजातक’ (यवन म्हणजे ग्रीक) या ग्रंथाच्या शीर्षकातच सूचित होते, तर वेदांगज्योतिष या वेदपरंपरेतील ग्रंथात राशींचा पत्ताच नाही. ही वस्तुस्थिती लक्षात घेतली तर परदेशातील परिषदांत सर्रास वापरले जाणारे ‘वैदिक ज्योतिष’ हे नाव इतिहासापेक्षा जाहिरातीला अधिक जवळचे वाटते. आठव्या शतकात सिंधमधून बगदादला खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी गेलेल्या शिष्टमंडळासोबत एक भारतीय विद्वान होता आणि त्याच्याबरोबर पोहोचलेल्या संस्कृत खगोलग्रंथावरून अरबी ‘सिंदहिंद’ तयार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी दिशा पुन्हा उलटली. लंडनचे थिऑसॉफिस्ट ज्योतिषी अ‍ॅलन लिओ १९०९ आणि १९११ मध्ये भारतात येऊन गेले व कर्म आणि पुनर्जन्म या कल्पनांना इंग्रजी फलज्योतिषात त्यांनी मानाचे स्थान दिले. म्हणजे आजचा भारतीय वक्ता पाश्चात्त्यांना कर्मसिद्धान्त समजावून सांगतो, तेव्हा त्या सभागृहात तो सिद्धान्त शंभर वर्षांपूर्वीच येऊन बसलेला असतो.

लिओ यांच्यावर भविष्यकथनाच्या आरोपावरून दोनदा खटला झाला आणि १९१७ च्या खटल्यात त्यांना दंड झाला. त्यामागे १८२४ चा ब्रिटिश भटकेपणाविरोधी कायदा होता, ज्यात भविष्य सांगणाऱ्याची गणना उनाड व बदमाश लोकांत केली जात असे. या कायद्याच्या धाकाने पाश्चात्त्य ज्योतिषाची भाषा पुष्कळ बदलली. घटना सांगण्याऐवजी स्वभावाचा कल सांगणे सुरक्षित ठरले, आणि पुढे डेन रुड्यार यांच्या १९३६ च्या ग्रंथाने व युंगच्या मानसशास्त्राच्या प्रभावाने हीच भाषा प्रतिष्ठित झाली. भारतीय वक्त्याची तालीम मात्र नेमकी उलटी असते. १२० वर्षांच्या विंशोत्तरी दशेत, म्हणजे जन्मकालीन चंद्रनक्षत्रावरून आयुष्याचे ग्रहनिहाय कालखंड पाडण्याच्या पद्धतीत, विवाह केव्हा, नोकरी केव्हा, आजारपण केव्हा, हे वर्षामहिन्यासह सांगण्यातच कौशल्य मानले जाते. आयुर्दाय, म्हणजे आयुष्याची लांबी ठरवण्याचे गणित, हा तर आपल्याकडील ग्रंथांतील स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. पाश्चात्त्य संघटनांच्या आचारसंहितेत वाढलेल्या श्रोत्यांपुढे तोच विषय सहज काढला तर सभागृहात अस्वस्थता पसरते.

असे असूनही १९९० च्या दशकात अमेरिकेत भारतीय वक्त्यांना मागणी वाढली. बंगळुरूचे बी. व्ही. रमण यांचे इंग्रजी मासिक व पुस्तके तोवर तेथील वाचकांपर्यंत पोहोचली होती, अमेरिकन कौन्सिल ऑफ वेदिक अ‍ॅस्ट्रॉलॉजी ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि भारतीय लेखापरीक्षण सेवेतून निवृत्त झालेले के. एन. राव यांनीही त्या काळात तेथील परिषदांत व्याख्याने दिली. १९९३ मध्येच काही अमेरिकन ज्योतिषांनी ‘प्रोजेक्ट हाइंडसाइट’ या नावाने प्राचीन ग्रीक व लॅटिन ज्योतिषग्रंथांची भाषांतरे हाती घेतली. या भाषांतरांतून संपूर्ण राशीलाच एक भाव, म्हणजे पत्रिकेतील एक घर, मानण्याची रीत आणि आयुष्याचे कालखंड ग्रहांना वाटून देण्याच्या पद्धती पुन्हा उजेडात आल्या. या दोन्ही गोष्टी भारतातील कोणत्याही गावच्या ज्योतिषाला ओळखीच्या असल्याने ग्रीक परंपरेचे नवे अभ्यासक हे भारतीय वक्त्याचे सर्वांत जाणते श्रोते ठरले. अमेरिकेतील काही संघटनांच्या सहकार्याने भरणारी युनायटेड अ‍ॅस्ट्रॉलॉजी कॉन्फरन्स, जी १९८६ मध्ये सॅन डिएगोत सुरू झाली आणि २०१८ मध्ये शिकागोत भरली, तिच्यात वैदिक, ग्रीक, मानसशास्त्रीय, आर्थिक अशा शाखांची सत्रे समांतर चालत आली आहेत. ज्याला निरयन गणित ऐकायचे नाही तो शेजारच्या दालनात जातो, आणि त्यामुळे उघड वादाचा प्रसंग फारसा येत नाही.

वक्त्याची खरी अडचण बरेचदा व्यासपीठाबाहेर असते. अमेरिकेच्या बी-१ व्हिसावर परिषदेत सहभागी होता येते, परंतु तेथे नोकरी किंवा व्यवसाय करता येत नाही. व्याख्यानानंतर हॉटेलच्या खोलीत पत्रिका पाहून डॉलरमध्ये दक्षिणा घेणे, जे भारतात अगदी स्वाभाविक समजले जाते, ते तेथे व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकते. ब्रिटनच्या सध्याच्या नियमांत निमंत्रित वक्त्याला प्रवासापूर्वी ठरलेल्या व्याख्यानाचे मानधन घेण्याची मर्यादित मुभा आहे. शिवाय स्थानिक दंडविधानही पाहावे लागते. न्यूयॉर्क राज्यात मोबदला घेऊन भविष्य सांगणे हा आजही कायद्याच्या पुस्तकात किरकोळ गुन्हा असून केवळ करमणुकीसाठी केलेल्या कार्यक्रमाला त्यातून सूट आहे.

या परिषदांत पद्धतींची तुलना भरपूर होते, पण पद्धतीची परीक्षा क्वचितच होते. न्यू ऑर्लिन्स येथे मे २०१२ मध्ये झालेल्या परिषदेत पाच ज्योतिषांच्या मंडळाने ओबामा यांच्या विजयाचे एकमुखी भाकीत केले व ते खरे ठरले. मात्र ज्या निवडणुकीत विजयाची शक्यता असलेले उमेदवार दोनच होते, तेथे हे यश मोठे मानणे कठीण आहे. नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष वेगळे आहेत. शॉन कार्लसन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पाश्चात्त्य ज्योतिषांना पत्रिकेवरून तीन व्यक्तिमत्त्ववर्णनांपैकी योग्य ते निवडायचे होते आणि त्यांचे यश सुमारे एकतृतीयांश, म्हणजे अंदाजाने निवडल्यावर मिळेल तेवढेच, भरले. या निष्कर्षाच्या विश्लेषणावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेल्या चाचणीत शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका होत्या. त्यांपैकी प्रत्येकी ४० पत्रिका पाहणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के होते, आणि सर्व २०० पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. कार्लसन यांच्या चाचणीतील ज्योतिषी पाश्चात्त्य परंपरेचे होते आणि पुण्यातील भारतीय परंपरेचे, परंतु योगायोगाने मिळणाऱ्या यशाच्या पलीकडे दोन्हींपैकी कोणालाही जाता आले नाही. ज्या २४ अंशांच्या फरकावर परदेशातील व्याख्यानाचा इतका वेळ खर्ची पडतो, तो या आकड्यांत कोठेच उमटलेला दिसत नाही.