सडक कोणती आधी? गणिताला विचारू या!

शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझं मराठी थोडं अडखळतं. सांभाळून घ्या!

माझं गाव सानगडी, तालुका साकोली. मुंबई-कोलकाता महामार्ग (पूर्वीचा क्र. 6, आता 53) साकोलीवरून जातो. सुट्टीत मी आबाजींना सांगत होतो, "ज्या सडकेवर गाड्या जास्त, तिचा नंबर आधी." ते म्हणाले, "बाबू, गाड्या नाहीत म्हणून सडक खराब, का सडक खराब म्हणून गाड्या नाहीत?" मी गप्प!

रस्त्या-पुलांचा फायदा मोजायचा कसा, हा विचार फ्रेंच इंजिनिअर ज्यूल ड्यूपुई यांनी 1844 मध्ये मांडला. आज आपण वाचलेलं डिझेल, वेळ, गाडीची झीज, टळलेले अपघात हे सगळं रुपयांत मांडतो. पण उद्याचा रुपया आजच्याइतका मोलाचा नसतो. 12 टक्के दर धरला, तर 10 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत फक्त 32 रुपये!

आता एक कल्पित उदाहरण. बजेट 10 कोटी. मोठा रस्ता 'अ': खर्च 10, फायद्याची आजची किंमत 13 कोटी. गावरस्ता 'ब': खर्च 4, फायदा 6. गावरस्ता 'क': खर्च 6, फायदा 8. निव्वळ फायदा अनुक्रमे 3, 2 आणि 2. एकेकटा पाहिला तर 'अ' जिंकतो. पण त्याच पैशात 'ब' आणि 'क' दोन्ही होतात आणि निव्वळ फायदा 4 कोटी! म्हणजे रस्ते सुटे नाही, संच करून तपासायचे.

आबाजींचा प्रश्न मात्र उरतोच. रस्त्याकाठी बसून गाड्या मोजल्या, तर ज्या येऊच शकत नाहीत त्या कशा दिसणार? म्हणून हिशोबात चालू वाहतुकीबरोबर, रस्ता सुधारल्यावर नव्याने सुरू होणारी वाहतूकही अंदाजाने धरावी लागते. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर गाड्यांऐवजी माणसं मोजली: सपाट भागात 500 आणि डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकवस्तीपर्यंत बारमाही रस्ता, असा निकष ठेवला.

सूत्र तेच राहतं, फक्त त्यात काय घालायचं ते आपण ठरवतो. तेव्हा पुढच्या सबमिशनला ट्रॅफिक काउंट उतरवून काढण्याआधी (हो, सगळेच काढतो!) आबाजींचा प्रश्न एकदा आठवा.