नजरेचे उत्तर

पिपलानीतील एक मुलगा तान्हेपणी तीव्र काविळीतून बचावला. परंतु हातपाय ताब्यात राहिले नाहीत, वाचाही फुटली नाही. त्याच्या कागदावर ‘मतिमंद’ हा शब्द मीच लिहिला होता. कर्निक्टेरसमध्ये बुद्धी पुष्कळदा शाबूत असते, हे ठाऊक असूनही!

२०२० साली गूगलने ‘लुक टू स्पीक’ हे अँड्रॉइड अ‍ॅप आणले. पुढचा कॅमेरा नजर टिपतो. पडद्यावर दोन बाजूंना वाक्ये असतात. डावीकडे वा उजवीकडे पाहत ती निम्मी निम्मी गाळायची, उरलेले वाक्य फोन उच्चारतो. वर पाहिले की निवड रद्द. मात्र या आजारात ऊर्ध्वदृष्टीच बहुधा दुर्बळ! रद्द करण्याचे काम आईच्या बोटाकडे आले. (आयफोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ पासून नजर स्थिरावताच बटण दाबले जाते, पण फोन व मान, दोन्ही स्थिर हवीत.)

वाक्ये आईनेच भरली. मान उशीने आवळून धरलेल्या त्या मुलाने पाणी नाकारले, जेवण नाकारले आणि तीनदा ‘कूस बदल’ निवडले. वळवून पाहतो तो माकडहाडापाशी दाबाची जखम सुरू झालेली.

“डॉक्टरसाहेब, त्याला सगळं कळतं, हे मी तेव्हाच सांगत होते,” आई म्हणाली.