चालींची वंशावळ

नवे गाणे कानी पडताच ‘ही चाल पूर्वी ऐकली आहे’ असे म्हणून संगीतकाराला चोर ठरविण्यास पुष्कळ रसिक तत्पर असतात. परंतु ज्या नाट्यसंगीताचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे, त्याची उभारणीच मुळी जुन्या चालींवर झाली, याचे स्मरण थोड्यांनाच असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि पुढे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीची ठेवण आणि कानडी पदांच्या चाली त्यांनी निःसंकोचपणे घेतल्या; श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पारशी रंगभूमीकडे वळले; आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी बालगंधर्वांच्या गळ्यात उतरविल्या. त्या काळच्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडली, तर पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्याबरोबर ‘चाल’ असे लिहून मूळ चीजेचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात. उसनवारीची अशी उघड कबुली देण्यात त्या मंडळींना कमीपणा वाटत नसे.

सादृश्याचे कारण संगीताच्या घडणीतच आहे. सप्तकात स्वर बाराच. त्यातही लोकांना सहज गुणगुणता यावे म्हणून गीतकार छोट्या ओळी लिहितो, केहरवा-दादऱ्यासारखे सोपे ठेके येतात, आणि रागाची चौकट मान्य केली की मुभा आणखी आकुंचित होते. शिवाय संगीतकाराने बालपणापासून ऐकलेल्या सुरावटी त्याच्या नकळत बोटांतून उतरतात, आणि श्रोत्यालाही अर्धपरिचित वळणच प्रथम आवडते.

मात्र समान स्वर म्हणजे समान गाणे नव्हे. भूप आणि देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच स्वर आहेत. तरीही सायंकाळचा भूप गंधारावर विसावतो, प्रातःकाळचा देशकार धैवताला बिलगतो, आणि जाणकाराला ही तफावत दोन आलापांत कळते. सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) चित्रपटातील युगुलगीताचा आरंभ मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतला, परंतु अंतऱ्यात ते गाणे स्वतःच्या वाटेने गेले. अशा रचनेला मी निर्मितीच म्हणेन. मुखडा, ठेका, विसाव्याच्या जागा आणि अंतराही जसाच्या तसा उचलून वर स्वतःचे नाव घालणे, हा मात्र निखालस अपहार होय.

आजच्या संगीतकारांनी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नाटकवाल्यांचा तो जुना दस्तूर पुन्हा सुरू करावा, आणि घेतलेल्या चालीचे मूळ गीताच्या नावाखालीच नमूद करावे.