चिप तीच, चित्र वेगळं

बोरगावात टीव्ही, कॉम्प्युटर आणि गेमचे कन्सोल दुरुस्त करून माझं घर चालतं. निपाणीपासून इचलकरंजीपर्यंतची मुलं दुकानात येतात आणि सेकंड हँड डिस्क हातात घेतली की जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "दादा, अपडेट मारल्यावर ग्राफिक सुधारतंय काय ओ?" सुधारतं. पण प्रत्येक गेमचं नाही आणि मनाला वाटेल तेवढं नाही. कुठे सुधारेल आणि कुठे नाही हे ओळखता आलं तर पैसा आणि डेटा दोन्ही वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कन्सोलमधली चिप आणि मेमरी कारखान्यातून आली तशीच राहते. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी आहे. कितीही पॅच, म्हणजे गेमचे अपडेट, टाका, तिची ९ जीबी होणार नाही. पॅच बदलतो तो त्या चिपकडून काम करून घेण्याचा हिशेब. गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवत असेल, तर एक चित्र तयार करायला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० चित्रं हवी असतील तर १७ पेक्षाही कमी. तेवढ्यात माणसं, सावल्या, पाणी, धूर, उजेड सगळं मांडून व्हायला हवं. फुल एचडी चित्रात जवळपास २१ लाख ठिपके असतात, फोरकेमध्ये जवळपास ८३ लाख. वेळ पुरला नाही की गेम अडखळतो. तो अडखळू नये म्हणून ठिपके कमी केले की चित्र पुसट होतं.

आता समजा, कंपनीतल्या प्रोग्रामरच्या लक्षात आलं की भिंतीमागे दडलेल्या, कधीच न दिसणाऱ्या झाडांच्या सावल्याही चिप दर वेळी काढत बसली आहे. ते काम बंद केलं की वेळ उरतो, आणि तो वेळ ठिपके वाढवायला, गवत दाट करायला वापरता येतो. इचलकरंजीत माग बघितलेल्यांना हे लगेच पटेल. माग जुळवणाऱ्या कारागिराने, म्हणजे जॉबरने, माग नीट लावून दिला की त्याच मागावर कापड स्वच्छ निघतं. पण मागाची रुंदी मात्र जॉबरला वाढवता येत नाही.

दुकानात मी हे मुलांना प्रत्यक्ष दाखवतो. खुल्या शहरात गाडी पळवायचा एक गेम आहे. नेट बंद ठेवून डिस्क घातली की आवृत्ती दिसते १.००. गाडी जोरात नेली की समोरच्या भिंतींवर विटा नाहीत, दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं नाहीत, नुसते रंगाचे पट्टे. गाडी थांबवून क्षणभर उभं राहिलं की विटा उमटतात, पाटी वाचता येते. भिंतीवर चढवायच्या या चित्राला टेक्स्चर म्हणतात. ते हार्ड डिस्कवरून मेमरीत यायला उशीर होतो, म्हणून हा प्रकार. मग सगळे पॅच घेतो आणि त्याच रस्त्याने गाडी नेतो. आता पाट्या वेळेवर दिसतात. टेक्स्चर नवीन आलेलं नसतं, ते डिस्कवर पहिल्यापासून असतं. कुठलं आधी उचलायचं याचा क्रम सुधारलेला असतो.

आधी केलेला गेम पुन्हा सुधारल्याचं आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम केला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही, तरी मंडळी थांबली नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला. राजस्थानी धाटणीचे महाल, पहाडी चित्रशैलीचा रंग, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा असं त्याचं रूप. स्विचमध्ये मेमरी अवघी ४ जीबी, टीम लहान, खिसा त्याहून लहान. २०२२ मध्ये त्याच गेमची एन्हान्स्ड एडिशन आली. त्यात उजेडाचं काम आणि पात्रांच्या हालचाली नव्याने केल्या, शिवाय हिंदी आवाज आले. मला या टीमचा फार अभिमान वाटतो. गेम विकून मोकळं होण्याऐवजी त्यांनी आपलं काम पुन्हा हातात घेतलं. चांगल्या पॅचमागे असं माणसांचं राबणं असतं.

पॅचची ताकद आणि मर्यादा दोन्ही 'सायबरपंक २०७७' या गेममध्ये दिसतात. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती, की सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला. पॅचमागून पॅच आले आणि जून २०२१ मध्ये तो परत विक्रीला लागला. फेब्रुवारी २०२२ च्या १.५ पॅचने नव्या कन्सोलसाठी वेगळी, सुधारलेली आवृत्ती दिली. पण त्याच वर्षीच्या १.६ पॅचनंतर जुन्या कन्सोलसाठी मोठी सुधारणा थांबली. २०२३ चा २.० पॅच प्लेस्टेशन ४ वर आलाच नाही. दुरुस्त करण्याजोगं होतं ते दुरुस्त झालं. पुढे यंत्रच कमी पडलं.

कधी उलटं होतं, म्हणजे यंत्र दमदार आणि गेम जुना. 'गॉड ऑफ वॉर' २०१८ चा. फेब्रुवारी २०२१ च्या पॅचनंतर प्लेस्टेशन ५ वर त्याचं फोरकेच्या जवळचं चित्र आणि ६० चा वेग एकत्र मिळू लागले. २०१५ च्या 'ब्लडबोर्न'ला कंपनीने असा पॅच दिला नाही, म्हणून तो नव्या यंत्रावरही ३० च्याच वेगाने चालतो. चिपमध्ये ताकद आहे, पण गेममधली मर्यादा कुणी काढलेली नाही.

त्यामुळे डिस्क घेण्याआधी एवढं करा. तुमच्याकडे जो कन्सोल आहे, त्याच कन्सोलवरचा, पॅचनंतरचा व्हिडिओ बघा. कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ बघून भुलू नका. प्लेस्टेशन ४ वर गेमच्या चित्रावर जाऊन ऑप्शन्स बटण दाबलं की आवृत्ती बघता येते आणि अपडेटही तिथूनच तपासता येतं. गेममधल्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स आणि क्वालिटी असे पर्याय असतील तर दोन्ही चालवून बघा. पुष्कळ वेळा पॅचने हाच पर्याय नव्याने दिलेला असतो आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो. अडचण गेममधल्या चुकीमुळे असेल तर सुधारणा जुन्या यंत्रावरही दिसेल. यंत्राची ताकदच अपुरी पडत असेल तर पॅचवर डेटा घालवू नका.

आणि डेटा हाच आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. मोठ्या गेमचा पॅच कित्येक जीबींचा असतो आणि बऱ्याच घरांत मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर सगळं भागवावं लागतं. चांगलं नेट असलेला मुलगा सुधारलेला गेम खेळतो आणि तेवढेच पैसे मोजलेला खेड्यातला मुलगा डिस्कवरचा कच्चा गेम खेळतो. हे मला मान्य नाही. कंपन्यांनी सुधारून झालेली आवृत्ती नव्याने डिस्कवर छापावी, आणि डिस्कच्या पाठीवर आवृत्तीचा आकडा ठळक लिहावा. तोवर ज्याच्या घरी नेट पुरत नाही, त्याने कन्सोल घेऊन दुकानात यावं. रात्री पॅच लावून ठेवायचे मी पैसे घेत नाही.