घरची निहारी, घरची फिरनी : चव आहे, हिशोब कुठे आहे?

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव. या पट्ट्यातल्या आपल्या घरांत शुक्रवारी किंवा रविवारी सकाळी जे शिजते, ते शहरातल्या मोठ्या हॉटेलांत चांगल्या दामाने विकले जाते. रात्रभर मंद आचेवर ठेवलेली निहारी, पाया, खिमा-पाव, अंड्याचा पराठा आणि वर तोंड गोड करायला फिरनी, शाही तुकडा, गाजराचा हलवा. ऊठसूट खायचे हे पदार्थ नव्हेत. आठवड्यातून एकदा सारे घर उशिरा उठते, न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्रच होते, त्या सकाळचे हे खाणे. शहरातली मंडळी आता अशाच खाण्यासाठी घराबाहेर पडतात.

यातून घरबसल्या धंदा होऊ शकतो काय, असे अनेक जण विचारतात. होऊ शकतो, असे आमचे मत आहे. मात्र चवीच्या जोरावर सुरू झालेला धंदा हिशोबाअभावी बंद पडतो, हेही तितकेच खरे. म्हणून या लेखात पाककृती थोडी आणि हिशोब जास्त आहे.

शब्द एकच, ताट दोन

शेतकऱ्याची ‘न्याहारी’ आणि आपली ‘निहारी’ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. अरबीत ‘नहार’ म्हणजे दिवस. तो शब्द फारसीच्या वाटेने दख्खनेत आला आणि मराठीत मुरला. ‘मलीदा’, ‘हलवा’, ‘शिरा’ हे शब्दही याच वाटेने आले. शीरखुर्म्यातला ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. १४९० साली मलिक अहमदने जुन्नरला निजामशाही उभी केली, पुढे राजधानी अहमदनगरला गेली, पण खाण्याची ही बोली इथल्या मातीत राहिली. आपला माल या भागाला परका नाही, हे धंद्याच्या दृष्टीने मोठे भांडवल आहे.

याच जुन्नरची दुसरी एक गोष्ट व्यापाऱ्याने विसरू नये. इथल्या कागदी घराण्यांच्या हातकागदाला एके काळी दूरवर मागणी होती, ‘जुन्नरी कागद’ नावाने तो ओळखला जाई. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. हातातली कला काही कमी झाली नव्हती. बाजार बदलला आणि जुन्या भावात, जुन्या पद्धतीत तग धरता आला नाही. आज आपल्या आया-बहिणींच्या हातात स्वयंपाकाची कला आहे. तिचा वेळीच हिशोब मांडला नाही तर तीही घरापुरतीच राहील, आणि नाव व नफा दुसरेच कमावतील.

गिऱ्हाईक कोण?

पुणे-नाशिक रस्ता मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जातो. आळेफाट्याला त्याला कल्याणहून माळशेज घाटातून नगरकडे जाणारा रस्ता छेदतो. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि मंचर-घोडेगाव मार्गे भीमाशंकर, अशी येणारी माणसे बारा महिने असतात. पावसाळ्यात माळशेजची गर्दी वेगळी. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. रस्त्यावरचे गिऱ्हाईक आहे, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठेत पहाटेपासून राबणारे हमाल, ड्रायव्हर, अडते आहेत, आणि लग्न, अकीका, दावत यांच्या ऑर्डरी आहेत.

यात एक भेद ओळखावा. अष्टविनायकाला आलेला यात्रेकरू बहुधा शाकाहारी असतो. त्याला निहारी चालणार नाही, पण फिरनी, हलवा, शाही तुकडा तो आवडीने खाईल. तेव्हा गोडाची भांडी, चमचे, फ्रीजचा कप्पा अगदी वेगळा ठेवावा आणि तसे स्पष्ट सांगावे. अंडे घातलेले पुडिंग शाकाहारी म्हणून विकू नये. कायद्यानेही अंड्याचा पदार्थ मांसाहारी गटात मोडतो. गिऱ्हाइकाचा भरवसा ही अमानत आहे.

दुधाचा विचार आधी

या दोन तालुक्यांचे बळ दुधात आहे. १९९२ साली मंचरला खासगी दूध उद्योग उभा राहिला आणि तिथले तूप-चीज देशभर पोहोचले. मग त्याच गावात फिरनीला दूध कमी पडण्याचे कारण नाही. फक्त कोणत्या पदार्थाला कोणते दूध, हे कळले पाहिजे.

इकडे संकरित गाईंचे दूध मुबलक आहे. त्यात फॅट साधारण साडेतीन टक्के असते, म्हशीच्या दुधात सहा ते सात टक्के. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो किंवा थोडा जास्त खवा पडतो, गाईच्या तेवढ्याच दुधाचा साडेआठशे-नऊशे ग्रॅम. गाईचा खवा पिवळसर, म्हशीचा पांढरा. म्हणून हलवा आणि खव्याच्या पदार्थांना म्हशीचे दूध परवडते. फिरनी, सेवई, शीरखुर्मा यांना गाईचे दूध चालते, कारण तिथे दाटपणा तांदूळ, शेवया आणि आटवण्याने येतो.

खवा बाहेरून घेत असाल तर स्टार्चची भेसळ घरीच तपासता येते. थोडा खवा पाण्यात उकळून थंड करावा व आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर माल परत करावा. सणाच्या आठवड्यात हे हमखास करावे.

एका घाण्याचा हिशोब

आता फिरनीचा एक घाणा मांडून पाहू. पुढचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. पाच लिटर दुधाला ३०० ग्रॅम तांदूळ भिजवून जाडसर वाटलेला, ७०० ग्रॅम साखर, वेलची आणि थोडा सुका मेवा लागतो. आटून साधारण साडेचार किलो माल होतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या ४५ मडक्या.

दूध ६० रुपये लिटरने : ३०० रुपये
साखर : ३२ रुपये
तांदूळ : २१ रुपये
वेलची, सुका मेवा : ९० रुपये
गॅस : ३५ रुपये
मातीच्या मडक्या ४५, पाच रुपयांप्रमाणे : २२५ रुपये
एकूण : ७०३ रुपये

बहुतेक घरांत हिशोब इथेच थांबतो. ४५ मडक्यांतल्या चार फुटल्या, उरल्या किंवा चाखायला गेल्या असे धरू. एकेचाळीस मडक्या वीस रुपयांना विकल्या तर ८२० रुपये येतात. ११७ रुपये नफा झाला म्हणून घरात समाधान!

पण दूध आटवायला, ढवळायला, भरायला, भांडी घासायला तीन तास गेले. ते तास कोणाचे? घरातल्या बाईचे. तासाला ८० रुपये मजुरी धरली तर २४० रुपये होतात. खरा खर्च ९४३ रुपये झाला, एका विकलेल्या मडकीला २३ रुपये पडले. म्हणजे वीस रुपयांना विकून आपण १२३ रुपये घरातल्या बाईच्या घामातून भरले. तीस रुपये भाव ठेवला तर १,२३० रुपये येतात आणि मजुरी देऊन २८७ रुपये उरतात. त्यातूनच फ्रीजचे बिल, भांड्यांची झीज आणि मंदीचे दिवस निघायचे आहेत.

‘घरचेच तर माणूस आहे, त्याला कसली मजुरी?’ हा विचार सोडला पाहिजे. उद्या तीच बाई आजारी पडली आणि मजूर लावावा लागला, तर धंदा त्या दिवशी तोट्यात जाईल. शिवाय बाईच्या कष्टाची रक्कम तिच्या हातात पडली पाहिजे, हा धंद्याचा नियम आहे आणि इन्साफही आहे. मजुराचा मोबदला वेळेवर देण्याची शिकवण आपण दुकानातल्या नोकराला लावतो, मग चुलीपाशी ती का विसरावी?

निहारीचा हिशोब याहून अवघड आहे. हाडासकट मटण शिजल्यावर वजन सुमारे एक तृतीयांश घटते. तेव्हा प्लेटचा भाव कच्च्या किलोवरून न काढता शिजलेल्या मालावरून काढावा. किती बोटी आणि किती रस्सा, हे डावाने ठरवून टाकावे. अंदाजाने वाढणारा हात पहिल्या गिऱ्हाइकाला जास्त देतो आणि शेवटच्याला कमी. माप-तोलात घट करणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय बजावले आहे, ते आपल्याला ठाऊक आहेच. वजनावर विकताना शिक्का मारलेला काटाच वापरावा.

एका घाण्यावर चार कारागीर

या धंद्याचा फायदा एका घरापुरता राहत नाही. निहारीत दही, टोमॅटो यांचा आंबटपणा असतो, म्हणून तांब्या-पितळेची देग वापरायची तर तिला कल्हई हवीच, नाही तर धातू अन्नात उतरतो. कल्हईवाल्याचे काम त्यातून चालते. मातीची मडकी फिरनीतले जादा पाणी शोषते आणि फिरनी घट्ट होते, प्लॅस्टिकच्या वाटीत तो गुण नाही. नव्या मडक्या भरण्यापूर्वी काही तास पाण्यात भिजवून निथळाव्यात. शाही तुकड्याला आदल्या दिवशीचा पाव जास्त चांगला, कारण तो तूप कमी पितो. बेकरीवाल्याचा उरलेला चांगला पाव त्यात खपतो. खाटकाकडे रोजची बांधलेली ऑर्डर जाते. पैसा गावातच फिरतो.

हलाल आणि स्वच्छता

पुडिंग, जेली करणाऱ्यांनी जिलेटिनकडे लक्ष द्यावे. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते आणि कोणत्या जनावराचे, हे पाकिटावरून बहुधा कळत नाही. त्याऐवजी चायना ग्रास किंवा कॉर्नफ्लॉवर वापरले की हलालचाही प्रश्न मिटतो आणि शाकाहारी गिऱ्हाइकाचाही. काही इसेन्स अल्कोहोलमध्ये केलेले असतात. वेलची, केशर, गुलाबपाणी हाताशी असताना त्यांची गरज काय?

गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावा. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेल्या तांदळाचा पदार्थ यात विशेष नाजूक. फिरनी मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. लगेच मडक्यांत भरून दोन तासांच्या आत थंडाव्यात जावी आणि दुसऱ्या दिवसापलीकडे विकू नये. एका खराब घाण्याने वर्षाचे नाव जाते.

कागदपत्रे

घरातून विकले तरी अन्न सुरक्षा कायदा लागू होतो. हा कायदा २००६ चा, अंमल ऑगस्ट २०११ पासून. लहान व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतची उलाढाल आणि वर्षाची १०० रुपये फी अशी मर्यादा होती. अर्ज भरताना त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा. आधार कार्ड, फोटो, जागेचा पुरावा एवढ्यावर काम होते, एजंटला हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुटी मिठाई विकतानाही ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ असे लिहिणे दुकानदाराला बंधनकारक झाले, तेव्हा घरच्या मालावरही तारखेची चिठ्ठी लावण्याची सवय ठेवावी. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी जुलै २०२० पासून सुरू आहे, तीही विनामूल्य.

भांडवलासाठी व्याजाच्या कर्जात पडू नये. सुरुवातीला एक मोठे पातेले, काटा आणि घरचाच फ्रीज पुरतो. पुढे वाढवायचे झाल्यास बिनव्याजी भिशी किंवा दोन घरांची लेखी शिरकत बरी. एक घर सकाळची निहारी करील, दुसरे गोड करील. नफ्या-तोट्याचा वाटा आधीच कागदावर असावा.

सुरुवात कशी करावी?

पहिले तीन महिने आठवड्यातून एकच दिवस, दोनच पदार्थ आणि आदल्या रात्रीपर्यंत आलेल्या ऑर्डरीपुरताच माल, एवढे पथ्य पाळावे. वही घालावी. डाव्या पानावर खर्च, मजुरीसकट. उजव्या पानावर विक्री आणि उरलेला माल. तीन महिन्यांची वही सांगेल की कोणता पदार्थ ठेवायचा आणि कोणता सोडायचा. येत्या काही वर्षांत रमजान हिवाळ्याकडे सरकत आहे. थंडीत दुधाची आवक वाढते, निहारीची आणि गाजर हलव्याची मागणीही वाढते. त्या मोसमाच्या आधी वही तयार असेल तर संधी हातची जाणार नाही.

चव ही अल्लाहची देणगी आहे, हिशोब मात्र आपल्यालाच ठेवावा लागतो. दोन्ही एका घरात नांदले तर रोजी हलाल राहील आणि तिच्यात बरकतही येईल, इन्शाअल्लाह.