पाण्याखाली उतरल्यावर जे दिसतं



बुऱ्हाणपुरात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं कुणीतरी विचारणारच. तर मुलताईहून निघालेली आपली तापीमाय 724 किलोमीटर वाहत जाते आणि सुरतेपुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. राजघाटावर टाकलेली पिशवी, आपल्यातल्याच कुणीतरी सोडून दिलेलं नायलॉनचं तुटकं जाळं, यातलं बरंच हतनूर आणि उकाईच्या धरणांत अडकतं, हे खरं. पण पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडले की मग कुणाच्या हातात काही राहत नाही.

आता मालवणचं बघा. 1987 मध्ये तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी त्यात आलं. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. आम्हाला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथं जाळं टाकलं तिथंच उद्या बंदी येईल म्हटलं, तर कोण गप्प बसेल?

पण पुढं तिथं एक वेगळी गोष्ट घडली. समुद्री जीवांचे अभ्यासक डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या माणसांनी गावातल्याच पोरांना स्नॉर्केलिंग शिकवलं. म्हणजे तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायचं. मग स्कुबा आलं, पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाण्याचं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची शिकवणारी संस्थाच उभी राहिली. मच्छीमारांच्या घरातली पोरं पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागली.

यात मुद्दा कमाईपुरता नाही. आपल्याला मासा कधी दिसतो? जाळ्यात आल्यावर. खडकाला अडकून तुटलेलं जाळं मात्र आपल्याला दिसत नाही. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि ते जाळं धनी नसताना मासे मारत राहतं. खाली उतरलेल्या पोराला ते डोळ्यांनी दिसतं. त्याला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

तरी खेळ आला म्हणजे समुद्र वाचला, असं समजू नका. नांगर प्रवाळावर टाकला तर वर्षांची वाढ एका झटक्यात मोडते. मासे जमावेत म्हणून ब्रेड टाकणं, प्रवाळाला हात लावणं, हेही नुकसानच. शिकवणारा कसा आहे, यावर सगळं आहे.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. सीहोर जिल्ह्यातली कावेरी ढीमर, मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी. भोपाळच्या वॉटर स्पोर्ट्स अकादमीत गेली आणि कॅनोइंगमध्ये राष्ट्रीय पदकं घेऊन आली. डोंगा वल्हवणाऱ्या हातांना हे नवीन नाही हो, फक्त कुणीतरी बघायला पाहिजे.

मग तापीत काय जमेल? स्कुबा नाही, पाणी गढूळ. 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, डोंगे रिकामे असतात, म्हणून तेव्हाच खेळ घ्या असं काही जण म्हणतात. तेव्हा नदीला पूर असतो. राजघाटाचा दगडी हत्ती बुडाला की आपण स्वतः काठावर थांबतो, मग पोरांना कसं उतरवायचं? दिवाळीनंतर पाणी उतरतं, निवळतं. तेव्हा आधी पोहणं, मग कयाक, म्हणजे एका-दोघांची हलकी वल्ह्याची नाव. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी बसायचं नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

काठावरचं आणि वरवर तरंगणारं प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे पोरांनी नावेतूनच उचलावेत. बुडी मारून जाळं सोडवणं त्यांचं काम नाही. आमच्यातला एक जण खांबाला अडकलेलं जाळं काढायला गेला आणि त्याचाच पाय गुंतला. सोबत्याजवळ सुरी होती म्हणून वाचला. तेव्हापासून एकट्यानं कुणी उतरत नाही.

आणि मोटारबोट नको, हा आमचा आग्रह. पंख्यात जाळं गुंडाळलं की आपलं जाळंही जातं आणि त्यांची बोटही अडकते. कुणाची नाव जाळ्यांच्या बाजूनं कुठून न्यायची, ते पोरांना आपणच दाखवू. नदीचा तळ आपल्याइतका कुणाला माहीत आहे?